दोन कोरचा पिको टेबलावर चालतो, मशीनवर गोठतो: प्रोब लावून नक्की काय बघायचं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कोणी वाचलं तरी संदर्भ लागेल. इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका नमकीन कारखान्यासाठी तू फायनल इयरला शेवेची पाकिटं भरणारं छोटं मशीन करते आहेस, आत रास्पबेरी पाय पिको (दोन कोरची, म्हणजे दोन प्रोसेसरची आरपी२०४० चिप असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) आहे, कोर शून्य लोडसेलचं वजन एचएक्स७११ (लोडसेलचा सिग्नल आकड्यात बदलणारी चिप) मधून वाचतो आणि ओएलईडीवर दाखवतो, कोर एक फीडरची मोटर आणि सीलिंगचा हीटर सांभाळतो, आणि दोघांचं बोलणं फिफोतून, म्हणजे आधी आलेला निरोप आधी बाहेर पडतो अशा चिपमधल्या रांगेतून. टेबलावर वजनं ठेवून दिवसभर चालतं, मशीनवर चढवलं की काही मिनिटांत डिस्प्ले गोठतो. म्हणून डिबग प्रोब (चालू चिपला थांबवून तिच्या आत बघू देणारं छोटं यंत्र) घेतलास आणि आता एकाच्या तीन भानगडी झाल्यात: ब्रेकपॉइंटवर (कोड जिथे थांबवायचा ती खूण) थांबून पुढे सोडलं की स्लीप_एमएस (ठरावीक मिलिसेकंद थांबणारं फंक्शन) मधून कोड परतच येत नाही, दुसऱ्यांदा कोड लोड केला की कोर एक सुरू करायच्या ओळीवरच अडकतो, आणि मूळचं गोठणं आहेच.

पहिल्या दोन गोष्टींनी घाबरू नकोस, त्या प्रोब लावल्यामुळे दिसतायत. तिसरी मात्र खरी आहे आणि तू पाठवलेल्या कोडमध्ये ती मला दिसते आहे, पण तिथे मी थोडा फिरून येतो कारण ती पकडायची कशी हे तुला यायला हवं, पुढच्या प्रोजेक्टमध्ये मी नसेन. दोन कोरच्या चिपवर बसलं की मी एकच प्रश्न सारखा विचारत असतो: मी थांब म्हटलं तेव्हा कोण कोण थांबलं आणि कोण चालूच राहिलं? एका कोरच्या साध्या कंट्रोलरवर हा प्रश्न फारसा पडत नाही, इथे मात्र निम्मी उत्तरं त्यातच असतात.

वायरिंगचं पटकन सांगून टाकतो. प्रोबला दोन सॉकेट असतात, यू म्हणजे यूएआरटी (साधं सिरियल बोलणं) आणि डी म्हणजे डिबग, तुला डी हवंय. नारिंगी वायर क्लॉक, पिवळी डेटा, काळी ग्राउंड. पिको एचवर तीन पिनचं कनेक्टर तयार असतं, साध्या पिकोवर कडेला तीन पॅड असतात आणि ग्राउंड मधोमध, पण क्लोन बोर्डावर क्रम वेगळा असू शकतो म्हणून बोर्डावर छापलेलं वाचूनच जोड. प्रोब टार्गेटला सप्लाय देत नाही, पिकोला त्याची पॉवर वेगळी लागते, हे विसरून कितीतरी लोक तासभर बसतात. आणि जेल रोडच्या बाजारातून आणलेल्या त्या लांब जंपर वायरी मोटरच्या ड्रायव्हरजवळून नेऊ नकोस, वायर आखूड कर, तरी कनेक्शन तुटत असेल तर अ‍ॅडॉप्टर स्पीड ५००० वरून १००० किलोहर्ट्झवर आण, मोटर चालू असलेल्या मशीनवर मी नेहमी कमी स्पीडवरच सुरुवात करतो. प्रोब महाग वाटत असेल तर मैत्रिणींना सांग, दुसऱ्या एखाद्या पिकोवर डिबगप्रोबचं फर्मवेअर टाकलं तरी तेच काम होतं, जीपी२ क्लॉक आणि जीपी३ डेटा.

आता ओपनओसीडी, म्हणजे लॅपटॉपवरून प्रोबशी बोलणारा प्रोग्राम. तू लिहिलंयस की कॉलेजच्या मशीनवर 'फेल्ड टू कनेक्ट मल्टिड्रॉप' असा एरर येतो आणि घरच्या लॅपटॉपवर येत नाही. हा एरर आला की वायर, पॉवर, स्पीड हे तर बघायचंच, पण व्हर्जनही बघ. आरपी२०४० मध्ये दोन्ही कॉर्टेक्स एम० प्लस कोरना स्वतःचा वेगळा डिबग पोर्ट आहे आणि दोघेही त्याच दोन वायरींवर बसलेत, प्रोब आधी पत्ता पुकारतो आणि मग ज्याचा पत्ता तोच उत्तर देतो, यालाच मल्टिड्रॉप म्हणतात. तिसराही एक पत्ता आहे, रेस्क्यूचा, कोड इतका बिघडला की कोर जागेवर सापडतच नाहीत तेव्हा तो चिपला बूटरॉममध्ये (चिपमध्ये कायमचा असलेला सुरुवातीचा कोड) नेऊन थांबवतो. उबुंटू २२.०४ वर आप्टने येणारं ओपनओसीडी ०.११ आहे, त्यात आरपी२०४० चा सपोर्ट नाही, ०.१२ मध्ये आहे जे २०२३ च्या जानेवारीत आलं. कॉलेजच्या मशीनवर बहुतेक जुनंच पडलंय.

ओपनओसीडी नीट लागलं की ३३३३ पोर्टवर जीडीबी (ज्यात आपण कमांड देतो तो डिबगर) जोड आणि पहिलं काम म्हणजे 'इन्फो थ्रेड्स'. नेहमीच्या कॉन्फिगमध्ये दोन्ही कोर एकाच सेशनमध्ये दोन थ्रेड म्हणून दिसतात, यात आरटीओएसचा (रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिमचा) काही संबंध नाही, थ्रेड म्हणजे इथे सरळ कोर. 'थ्रेड २' म्हटलं की दुसऱ्या कोरवर गेलीस, आणि 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' म्हटलं की दोघांचा कॉल स्टॅक, म्हणजे बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली ती यादी), एकदम समोर. ही शेवटची कमांड भिंतीवर लिहून ठेव असं मी नव्या पोरांना सांगतो, कारण बहुतेक जण ज्या कोरवर ब्रेकपॉइंट लागला त्याच्याकडेच बघत राहतात आणि दुसरा कुठे उभा आहे हे बघतच नाहीत. तू पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्येही एकच स्टॅक आहे. अर्धीच गोष्ट आहे ती.

आणि या मोडमध्ये एका कोरला ब्रेकपॉइंट लागला की दुसऱ्यालाही थांबवलं जातं. दोघं अगदी एकाच क्षणी थांबत नाहीत, मधे थोडा वेळ जातो, आणि १२५ मेगाहर्ट्झवर त्या थोड्या वेळात दुसरा कोर बरंच काही करून बसलेला असतो. म्हणून थांबल्यावर दोघांची व्हेरिएबल्स बघून 'या क्षणी हे असं होतं' असा पक्का निष्कर्ष काढू नकोस.

बरं, आता कोर थांबले म्हणजे बाकी चिपचं काय? पीडब्ल्यूएम (ठरावीक रुंदीचे पल्स देणारा भाग) चालूच असतो. पीआयओ (कोरच्या मदतीशिवाय पिन हलवणारा भाग) चालूच असतं. डीएमए (कोरच्या मदतीशिवाय डेटा हलवणारा भाग) चालूच असतं. जीपीआयओ (साधा इनपुट-आउटपुट पिन) ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत धरलेला राहतो. हे वाच आणि मग तुझ्या सीलिंग हीटरचा विचार कर! हीटरचा पिन हाय असताना तू ब्रेकपॉइंट लावलास आणि चहा प्यायला उठलीस तर तो हीटर तापतच राहणार, बंद करणारा कोडच झोपलेला आहे. डिबग करताना हीटरची लाइन काढून ठेव आणि त्या जागी रेझिस्टर लावून एलईडी जोड, मोटरचा सप्लायही काढता आला तर काढ. यावर मी कोणाशीही तडजोड करत नाही, कारखान्यात तर अजिबात नाही, तिथे सीलिंगच्या जबड्याजवळ दुसऱ्या कोणाचा तरी हात असतो.

टायमर मात्र थांबतो, आणि इथेच तुझी पहिली भानगड आहे. आरपी२०४० च्या टायमरमध्ये डीबीजीपॉज नावाचं रजिस्टर आहे, रीसेटनंतर त्यात दोन्ही कोरचे बिट लागलेले असतात, मतलब दोघांपैकी कोणताही एक कोर डिबगरने हॉल्ट केलेला असेल तर मायक्रोसेकंदाचा टायमर पुढे सरकतच नाही. एका कोरला सोडलंस आणि दुसरा कुठेतरी हॉल्ट राहिला, किंवा आधीच्या सेशनमधून तसाच हॉल्ट पडून आहे आणि आता तू फक्त कोर शून्यला जोडली आहेस, तर स्लीप_एमएस ज्या घड्याळाकडे बघत बसलंय ते घड्याळच बंद आहे, मग ते परत येणार कधी? उपाय सोपा आहे, मेनच्या सुरुवातीला टायमर_एचडब्ल्यू मधल्या डीबीजीपॉजला शून्य कर. डिबगरमधून हाताने लिहायचं तर पत्ता ४००५४०२सी (हा आणि पुढचे असे सगळे पत्ते हेक्समध्ये आहेत), पण कोड रीस्टार्ट झाला की एसडीके (पिकोसाठीची तयार सी लायब्ररी) सुरुवातीला पेरिफेरल रीसेट करतं आणि ते परत पूर्ववत होतं, म्हणून कोडमध्येच टाक. एक लक्षात घे, शून्य केल्यावर तू थांबलेली असताना वेळ पुढे जात राहणार, म्हणजे पुढे सोडल्याबरोबर सगळे टाइमआउट एकदम उडतील. दोन्हीपैकी कोणतं वागणं हवंय ते काम बघून ठरव.

वॉचडॉगचंही (कोड अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) असंच आहे, वॉचडॉग_इनेबलचा दुसरा पॅरामीटर पॉज ऑन डिबगचा आहे, डिबग करताना तो एक ठेव नाहीतर तू स्टॅक वाचत असतानाच चिप रीसेट होईल. आणि प्रिंटएफ यूएसबीवरून घेत असशील तर सोडून दे, कोर थांबला की यूएसबीला उत्तर द्यायला कोणी नसतं, लॅपटॉप कंटाळून पोर्ट बंद करतो. प्रोबच्या यू सॉकेटमधून यूएआरटी घे, जीपी० आणि जीपी१, ११५२००, ते थांबण्या-सुटण्याने बिघडत नाही.

एचएक्स७११ चं वेगळं सांगायला हवं कारण हे वजनवाल्यांना हमखास चावतं. त्या चिपचा क्लॉक पिन ६० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ हाय राहिला की ती पॉवर डाउनमध्ये जाते. तू बिट वाचायच्या लूपच्या आत ब्रेकपॉइंट ठेवलास आणि त्या वेळी क्लॉक हाय असेल तर तू बघत बसेपर्यंत ती झोपली, पुढे सोडल्यावर ती नव्याने सुरू होते, उरलेले बिट कचरा येतात आणि सेकंदाला १० सॅम्पलच्या सेटिंगवर खरं वजन स्थिरावायला ४०० मिलिसेकंद जातात. तुला 'डिबगरमध्ये वजन कधी कधी वेडंवाकडं येतं' असं जे दिसलं ते हेच असणार. ब्रेकपॉइंट पंचविसाव्या पल्सनंतर, क्लॉक लो झाल्यावर ठेव. खरं तर ते वाचन पीआयओमध्येच टाकलंस तर उत्तम, मग कोर थांबो की इंटरप्ट येवो, पल्सची रुंदी बिघडत नाही.

दुसरी भानगड, परत लोड केल्यावर कोर एक सुरूच होत नाही. पॉवर देऊन चिप उठते तेव्हा कोर एक बूटरॉममध्ये झोपून वाट बघत असतो, कोर शून्य त्याला फिफोतून ठरलेल्या क्रमाने शब्द पाठवतो, शून्य, शून्य, एक, मग व्हेक्टर टेबल, स्टॅक पॉइंटर आणि शेवटी फंक्शनचा पत्ता, आणि प्रत्येक शब्दाची पोच मिळाली की पुढचा. मल्टिकोअर_लाँच_कोर१ आत हेच करतं. आता डिबगरमधून तू फक्त कोर शून्य रीसेट केलास आणि कोर एक जुन्या प्रोग्रामच्या मधेच कुठेतरी आहे, तर पोच देणार कोण? कोर शून्य बिचारा वाट बघत राहतो. लाँचच्या आधी मल्टिकोअर_रीसेट_कोर१ ही एक ओळ घाल, ती कोर एकची पॉवर स्टेट जबरदस्तीने पाडून परत उठवते आणि तो सरळ बूटरॉममध्ये जाऊन बसतो. आमच्या सगळ्या दोन कोरच्या प्रोजेक्टमध्ये ही ओळ असतेच, प्रॉडक्शनमध्येही राहू देतो, काही बिघडत नाही.

आता मुद्द्याचं, मशीनवरचं गोठणं.

आधी ब्रेकपॉइंट काढून टाक सगळे. मशीन चालू दे, गोठू दे, आणि गोठल्यावर जीडीबीमध्ये कंट्रोल-सी मार, मग 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी'. हीटर काढलेला आहे ना? बघ आधी. माझा अंदाज असा की दोन्ही कोर मल्टिकोअर_फिफो_पुश_ब्लॉकिंग (फिफोत जागा होईपर्यंत थांबून निरोप ढकलणारं फंक्शन) मध्ये उभे दिसतील. तुझ्या कोडमध्ये कोर शून्य वजन ५ ग्रॅमने बदललं की कोर एकला कळवतो, कोर एक प्रत्येक निरोपाला उलट उत्तर ढकलतो, आणि ती उत्तरं कोर शून्य कधी वाचतो तर पाकीट पूर्ण झाल्यावर. फिफो प्रत्येक दिशेला फक्त ८ शब्दांची आहे. हिशोब कर: पहिल्या आठ निरोपांची उत्तरं उलट्या फिफोत बसली, नववा निरोप कोर एकने उचलला पण त्याचं उत्तर ठेवायला जागा नाही म्हणून तो तिथेच अडकला, कोर शून्यला याचा पत्ता नाही, तो आणखी आठ निरोप भरतो, सतरा झाले, आणि अठराव्याला तोही अडकला. आता कोर शून्य फिफोत जागा व्हायची वाट बघतोय आणि कोर एकही जागा व्हायचीच, आणि जागा करणारे हेच दोघं.

टेबलावर का चालतं? २०० ग्रॅमचं वजन अलगद ठेवलं तर ५ ग्रॅमच्या पायऱ्या फार होत नाहीत, लोडसेल दोन-चार वाचनांत स्थिर होतो. मशीनवर फीडर हादरतो, शेव गुठळ्यांनी पडते, वजन वर जातं खाली येतं परत वर जातं, आणि प्रत्येक वेळी निरोप. ज्या पाकिटात निरोप अठराला पोचले त्या पाकिटाला मशीन गोठलं. म्हणून तुला ते कधी दोन मिनिटांत तर कधी पंधरा मिनिटांत दिसतं आणि तापमानाचा, सप्लायचा, मोटरच्या नॉइजचा संशय येत राहतो. नॉइज असेलही, पण तो नंतर.

माझ्या अंदाजावर विसंबू नकोस, फिफोचं स्टेटस रजिस्टर स्वतः वाच. ४४४४ पोर्टवर टेलनेटने ओपनओसीडीला जोड, 'टार्गेट्स' कमांडने आधी कोर शून्य निवड आणि 'एमडीडब्ल्यू'ने डी००००००० वाच, तो पत्ता कोरचा नंबर देतो, शून्य आला म्हणजे तू खरंच कोर शून्यच्या डोळ्यांनी बघते आहेस. मग डी०००००५० वाच. त्यात शून्याव्या बिटचा अर्थ 'माझ्यासाठी आलेलं काही पडलंय' आणि पहिल्या बिटचा अर्थ 'मला ढकलायला जागा आहे'. मग कोर एक निवडून हेच परत कर, नंबर एक यायला हवा. दोन्ही कोरवर स्टेटसची किंमत १ आली तर खटला संपला: दोघांसाठीही माल आलेला पडलाय आणि दोघांनाही ढकलायला जागा नाही. किंमत २ किंवा ३ असेल तर जागा आहे, मग अडकण्याचं कारण वेगळं, मला कळव.

इथे एक फार महत्त्वाची सावधगिरी. स्टेटस वाचणं निरुपद्रवी आहे पण त्याच्या शेजारचं डी०००००५८ वाचलंस तर फिफोतला एक शब्द खरोखर बाहेर निघतो, तू नुसतं बघितलंस आणि डेटा गेला, जागा झाली आणि गोठलेलं मशीन सोडल्याबरोबर चालायलाही लागेल! स्पिनलॉकचं (दोन कोरनी एकाच गोष्टीला एकदम हात लावू नये म्हणून असलेली कुलपं) त्याहून वाईट, डी००००१०० पासून बत्तीस स्पिनलॉक आहेत आणि त्यांची रचनाच अशी की वाचणं म्हणजे कुलूप लावणं, मेमरी व्ह्यू उघडून ती रेंज वाचलीस की जे मोकळे होते ते सगळे तू अडवलेस, आणि सोडायला कोणी नाही. कोणते स्पिनलॉक लागलेत हे बघायचं तर डी०००००५सी वाच, एका शब्दात बत्तीसही बिट मिळतात आणि काही बदलत नाही. एसआयओच्या, म्हणजे डी००००००० पासूनच्या या भागात मेमरी व्ह्यू कधीच उघडायचा नाही, जो पत्ता हवा तो एकटा वाचायचा.

दुरुस्ती कशी करायची? फिफो मोठी करता येत नाही आणि आली असती तरी नको होती, कारण कोर एकला मागची सगळी वजनं हवीच कशाला, त्याला आत्ताचं वजन हवंय. एक ३२ बिटचं व्होलाटाइल व्हेरिएबल ठेव, कोर शून्य त्यात लिहील, कोर एक त्यातून वाचेल, नीट अलाइन केलेला एक शब्द एका झटक्यात लिहिला जातो त्यामुळे अर्धवट किंमत दिसत नाही. वजनाबरोबर पाकिटाचा नंबरही जोडीने हवा असेल तर क्रिटिकल सेक्शन (एका वेळी एकच कोर आत शिरू शकतो असा कोड) वापर. पण 'वाचा, एक वाढवा, लिहा' असा काउंटर दोन्ही कोरवरून चालवू नकोस, एम० प्लसमध्ये एक्सक्लूसिव्ह लोड-स्टोअरच्या सूचना नाहीत, दोघं एकदम आले की एक वाढ हरवते. 'पाकीट झालं', 'सील झालं' अशा घटनांसाठी एसडीकेमधला क्यू_टी (तयार रांग) घे आणि क्यू_ट्राय_अ‍ॅड वापर, भरली तर फॉल्स परत येतो, मग काय करायचं ते तू ठरव. आणि मोटर-हीटर सांभाळणाऱ्या कोरवर ब्लॉकिंग पुश असूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. हीटर चालू करून तो कोर फिफोच्या रांगेत उभा राहिला तर मशीन जळेल.

फिफो मोकळी करायला आणखी एक कारण आहे जे तुला अजून भेटलं नाहीये पण भेटणार आहे. तुला टेअरची (वजा करायच्या रिकाम्या वजनाची) किंमत फ्लॅशमध्ये जपायची आहे ना? पिकोचा कोड बाहेरच्या फ्लॅशमधूनच चालतो, आणि कोर शून्य ४०९६ बाइटचा सेक्टर पुसत असताना फ्लॅश वाचता येत नाही, त्या वेळी कोर एकने फ्लॅशमधली एक जरी सूचना मागितली तरी तो कोसळतो. म्हणून फ्लॅश_सेफ_एक्झिक्यूट वापरायचं आणि कोर एकच्या सुरुवातीला फ्लॅश_सेफ_एक्झिक्यूट_कोर_इनिट हाक मारायची, ते दुसऱ्या कोरला रॅममधल्या कोडमध्ये सुरक्षित उभं करतं. पण ते उभं करण्याचा निरोप आत फिफोतूनच जातो! तू तीच फिफो वजनासाठी वापरत असशील तर दोघांचे निरोप एकमेकांत मिसळणार. म्हणून फिफो एसडीकेला सोडून दे. आणि पुसताना हीटर-मोटर बंद असू दे, कारण तेवढा वेळ कोर एक काहीच बघत नसतो.

फिफो निर्दोष निघाली तर माझा पुढचा संशय स्टॅकवर, म्हणजे फंक्शनचे लोकल व्हेरिएबल जिथे बसतात त्या मेमरीवर. कोर शून्यचा स्टॅक २००४२००० पासून खाली वाढतो, कोर एकचा २००४१००० पासून खाली, दोघांना साधारणपणे २ किलोबाइट धरलेले असतात आणि ४ किलोबाइटचा एकेक कप्पा आहे. आता बघ, कोर शून्यने आपला कप्पा ओलांडला तर तो थेट कोर एकच्या स्टॅकच्या वरच्या टोकात शिरतो, जिथे त्याच्या मुख्य फंक्शनचे लोकल असतात. चूक एकाची, मरतो दुसरा. तुझ्या डिस्प्लेच्या फंक्शनमध्ये १०२४ बाइटचा फ्रेम बफर लोकल आहे आणि वर फ्लोटचा एसएनप्रिंटएफ, निम्मा स्टॅक तर बफरनेच खाल्ला. तो आधी स्टॅटिक कर. मग २००४१००० या शब्दावर वॉचपॉइंट (तिथे कोणी लिहिलं की थांबवणारी खूण) लाव, स्क्रॅच वायमध्ये (कोर शून्यच्या कप्प्यात) तू काही ठेवलेलं नसेल तर तिथे कोणी लिहिण्याचं कारणच नाही, लिहिलं की रंगे हाथ पकडला. थांबल्यावर एसपी (स्टॅक पॉइंटर) बघ, २००४१ ने सुरू होतो की २००४० ने, यावरूनच तू कोणत्या कोरवर आहेस तेही कळतं. पिको_यूझ_स्टॅक_गार्ड्स एक करून बिल्ड केलंस तर एमपीयू तळाशी पहारा ठेवतो आणि ओलांडल्याबरोबर हार्डफॉल्ट (कोर पुढे जाऊच शकत नाही अशी चूक) देतो, तेही कर.

हार्डफॉल्ट आला तर एसडीकेचा मूळ हँडलर नुसता बीकेपीटी (ब्रेकपॉइंटची सूचना) आहे, प्रोब लावलेला असेल तर तिथे थांबतो, नसेल तर तो कोर लॉकअप होतो आणि दुसरा खुशाल चालत राहतो. म्हणजे डिस्प्ले जिवंत आणि मोटर मेली असं दिसलं तर आधी हे तपास. एम० प्लसमध्ये कारण सांगणारी फॉल्ट रजिस्टर नाहीत, पण एसपीपासून आठ शब्द छापलेस तर सातवा शब्द म्हणजे ज्या सूचनेवर घसरलं तिचा पत्ता. अलाइन न केलेला पॉइंटर हे एक नेहमीचं कारण, या कोरवर ते चालतच नाही.

व्हेरिएबल 'ऑप्टिमाइझ्ड आउट' दिसतात कारण सीमेकला (बिल्डची मांडणी करणाऱ्या टूलला) काही सांगितलं नाही तर एसडीके रिलीज बिल्ड करतं, बिल्ड टाइप डिबग कर. पण गोठणं फक्त रिलीजमध्ये येत असेल तर रिलीजमध्येच शोध, डिबग बिल्डमध्ये टायमिंग बदलतं. ब्रेकपॉइंट फ्लॅशमधल्या कोडवर हार्डवेअरचेच लागतात आणि ते प्रत्येक कोरला ४ आहेत, वॉचपॉइंट २, एडिटर कधी कधी त्यातला एक स्वतः मेनवर खर्च करतो, म्हणून तुझा चौथाही कधी लागत नाही. आरपी२३५० वाला पिको २ घेतलास तर ८ आणि ४ मिळतात, पण तिथे फिफो प्रत्येक दिशेला ४ शब्दांचीच आहे, म्हणजे आत्ताचा कोड तिकडे आणखी लवकर गोठेल.

आणि ज्या चुका थांबवलं की पळून जातात त्यांच्यासाठी रॅममध्ये दोन रिंग बफर (भरला की सुरुवातीपासून परत लिहिला जाणारा बफर) ठेव, एकेका कोरचा स्वतंत्र, म्हणजे कुलूप लागत नाही. प्रत्येक नोंदीत टायमरचे खालचे ३२ बिट आणि एक छोटा कोड, 'निरोप पाठवला', 'उत्तर ढकलतोय', 'सील सुरू'. गोठल्यावर थांबवून दोन्ही बफर जीडीबीतून छापायचे आणि वेळेनुसार एकत्र लावायचे. प्रिंटएफ ज्या कामासाठी कोडला मिलिसेकंदांनी हलवतो ते इथे मायक्रोसेकंदाच्या आत होतं. एक मोकळा जीपीआयओ प्रत्येक कोरला देऊन लूपच्या सुरुवातीला वर आणि शेवटी खाली केलास आणि त्यावर स्वस्तातला आठ चॅनलचा लॉजिक अ‍ॅनालायझर लावलास तर कोणता कोर आधी अडकला हे डोळ्यांना दिसतं, तो लॅबमध्ये असेलच, विचार.

तर क्रम असा ठेव: हीटर काढ, डीबीजीपॉज आणि रीसेट_कोर१ या दोन ओळी घाल, ब्रेकपॉइंट न लावता मशीनवर गोठू दे, दोन्ही स्टॅक छाप, मग दोन्ही कोरवरून डी०००००५० वाच. ते दोन आकडे आणि दोन्ही बॅकट्रेस मला पाठव, बाकीचा कोड अजून बदलू नकोस.